कृष्णाकाठी नवा सायकल ट्रॅक नको, आहेत ते रस्ते सायकलजोगे करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली व कोल्हापूर,
दोन्ही जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी,
सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागाचे अभियंते,
आणि हरिपूर ते खिद्रापूर या पट्ट्यातल्या नदीकाठच्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

सांगलीच्या आयर्विन पुलापासून खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरापर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने साधारण पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. वाटेत एकही घाट नाही, दम लागेल असा चढ नाही. चढायचं ते पुलाच्या भरावावर आणि ओढ्यातून बाहेर पडताना, तेवढंच. ताशी बारा-चौदा किलोमीटरच्या आरामाच्या वेगाने, थांबत-बघत गेलं तरी सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला खिद्रापुरात असतो. हरिपूरला वारणेचा संगम आणि संगमेश्वर, नृसिंहवाडीला पंचगंगेचा संगम आणि दत्त मंदिर, कुरुंदवाडचा घाट, आणि शेवटी अठ्ठेचाळीस खांबांचा, वरून गोल उघडा असलेला कोपेश्वराचा स्वर्गमंडप. नदीकाठच्या निवांत सायकल सहलीसाठी इतका सपाट आणि इतका भरलेला दुसरा पट्टा राज्यात क्वचितच असेल.

असा मार्ग करायचा म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यापुढे येतो तो वेगळा ट्रॅक: रंगीत पेव्हर ब्लॉक, कडेला रेलिंग, सुरुवातीला कमान. आमची कळकळीची विनंती आहे की तो करू नका. या पट्ट्यात नदी दरवर्षी पात्राबाहेर येते आणि 2005, 2019, 2021 सारख्या वर्षी गावंच्या गावं पाण्यात जातात. पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर बसवलेले असतात. पाणी दोन दिवस उभं राहिलं की वाळू निघून जाते, ब्लॉक डुगडुगतात, पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे दात वर येतात. शिवाय नव्या ट्रॅकला जमीन लागते आणि इथली मळीची, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन कुणी देणार नाही, द्यावी असंही नाही. जे हवं आहे ते आहे त्या ग्रामीण रस्त्यांच्या आणि पाणंदींच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटांच्या, डागडुजीत मिळतं, आणि त्याचा उपयोग पाहुण्यांच्या आधी सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलामुलींना, भांगलणीला जाणाऱ्या बायकांना आणि दूध घालायला निघालेल्या माणसाला होतो.

मार्ग कुठून जावा हे आधी सांगतो. सांगलीतून हरिपूर, तिथून हरिपूर–कोथळी पुलावरून पलीकडे कोथळी, मग उमळवाड, उदगाव, चिंचवाड, अर्जुनवाड, घालवाड अशी उजव्या काठाची गावं, शिरोळ, नृसिंहवाडी, पंचगंगा ओलांडून कुरुंदवाड, आणि पुढे मजरेवाडी, अकिवाट, सैनिक टाकळी, खिद्रापूर. जयसिंगपूर–शिरोळ–वाडी (नृसिंहवाडी) हा मोठा रस्ता जवळचा असला तरी सायकलसाठी तो टाळावा. पौर्णिमेला आणि दत्त जयंतीला त्यावर गाड्यांची रांग असते. परतीला त्याच रस्त्याने यायला नको म्हणून शिरोळहून कुटवाड, कनवाड आणि म्हैसाळचा बंधारा ओलांडून मिरज गाठावं. मिरज हे जंक्शन आहे. रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, सायकल पाठवायची तर ती बुक करून, बांधून द्यावी लागते आणि उतरवून घ्यायला वेळ लागतो. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनवर ते जमत नाही, मिरजेत जमतं. पुण्या-मुंबईच्या माणसाने म्हणूनच मिरजेला उतरावं.

आता सगळ्यात मोठं काम: साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या दोन्ही कडांची मातीची पट्टी.

इथले ग्रामीण रस्ते बहुतेक एकेरी, 3.75 मीटर डांबराचे किंवा त्याहून अरुंद. ऊस भरलेल्या ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला असतो. ती समोरून आली की सायकलवाल्याला डांबर सोडावंच लागतं. आणि डांबराची कड तर खालच्या मातीपेक्षा चार ते सहा इंच वर असते, कारण दर नूतनीकरणाला डांबराचा थर चढतो, साईडपट्टी मात्र कुणी भरत नाही. पावसाचं पाणी कडेने वाहतं आणि उरलीसुरली माती नेतं. पुढचं चाक कडेवरून घसरलं की खाली जाताना माणूस सहसा पडत नाही. तो पडतो परत डांबरावर चढताना. चाक कडेला समांतर घासत राहतं, वर चढत नाही, हॅन्डल वळतं आणि सायकल आडवी होते, तीसुद्धा रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली. डबल ट्रॉली असेल तर मागची ट्रॉली हेलकावे खात पुढच्यापेक्षा फूटभर बाहेर येते. ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने लावलेला असतो, घंटी ऐकू जात नाही.

याला उपाय साधा आहे. डांबराच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर रुंदीत मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून तो डांबराच्या पातळीला आणायचा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा. सरासरी 15 सेंटीमीटर जाडी धरली तर एका बाजूला एका किलोमीटरला दबलेला 150 घनमीटर मुरूम लागतो. सुटा मोजला तर साधारण 67 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), म्हणजे दोन ब्रासच्या डंपरच्या चौतीस खेपा. मुरूम आणून नुसता ओतून जाऊ नये. न दाबलेला मुरूम पहिल्या वळवात वाहून जातो आणि त्यातले गोटे रस्त्यावर पसरतात, ते साध्या मातीपेक्षा वाईट. हे काम पाऊस संपल्यावर आणि उसाचं गाळप जोरात सुरू व्हायच्या आत, म्हणजे ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला झालं पाहिजे. जानेवारीत केलेल्या साईडपट्टीवर ती बसायच्या आतच ट्रॉल्या फिरतात. नूतनीकरणाच्या प्रत्येक निविदेत साईडपट्टी भरणं ही वेगळी बाब दाखवावी आणि तिचं मोजमाप झाल्याशिवाय बिल निघू नये, एवढी एक गोष्ट झाली तरी निम्मं काम झालं असं आम्ही मानू.

पाणंदींचं गणित निराळं आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट मुरूम टाकला तर दोन पावसात तो मातीत गडप होतो. वरची 20 ते 30 सेंटीमीटर काळी माती काढून, दगडाचं सोलिंग करून, फटी भरून मग वर 15 सेंटीमीटर मुरूम हवा. तीन मीटर रुंदीच्या पाणंदीचा मध्य कडेपेक्षा सहा सेंटीमीटर उंच राहिला पाहिजे, नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचतं. दोन्ही बाजूंना चर लागतेच. चर नसलेली पाणंद करण्यात अर्थ नाही, हे आम्ही ठामपणे सांगतो. आणि जिथे पाटाचं पाणी एका रानातून दुसऱ्या रानात पाणंद ओलांडून जातं तिथे निदान 300 मिलिमीटरचा सिमेंट पाईप आधीच गाडावा. तो नसेल तर शेतकरी पाण्यासाठी पाणंद खोदणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

शिरोळ तालुक्यात आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्या सल्लागाराला दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या भरमसाट पाण्याने इथली बरीच जमीन क्षारपड झाली आहे. जमिनीखालचं पाणी दोन-तीन फुटांवर उभं असतं, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. अशा ठिकाणी वरून कितीही चांगला मुरूम टाकला तरी खालून ओल येऊन तो लापशीसारखा होतो. इथल्या शेतकऱ्यांनी सच्छिद्र पाईप गाडून, निचरा काढून जमिनी सुधारल्या आहेत. तोच पाईप पाणंदीच्या कडेने टाकून ओढ्याला जोडला की पाणंदही टिकते आणि कडेचं रानही सुधारतं. शेतकऱ्याच्या दोन पैशांच्या फायद्याची गोष्ट असेल तर पाणंदीच्या हद्दीचे वाद लवकर मिटतात. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे, रोजगार हमी आहे. या कामासाठी वेगळं सायकल पर्यटनाचं लेखाशीर्ष शोधत बसायची गरज नाही.

सावलीसाठी झाडं लावताना करंज लावा. त्याला ओल आणि क्षार दोन्ही सोसतं, पूर आला तरी तो तग धरतो, आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ओढ्याकाठी उंबर. रस्त्याच्या कडेपासून निदान तीन मीटर आत. बाभळीची छाटणी झाली की काट्याच्या फांद्या रस्त्यावर ओढत नेतात आणि मागे काटे राहतात. बाभळीचा काटा जाड टायरमधूनही ट्यूबपर्यंत जातो. ग्रामपंचायतींनी छाटणीनंतर रस्ता झाडून घ्यायची सवय लावली तर पंक्चर पुष्कळ कमी होतील. पंक्चर काढणारे गावोगाव आहेत, पण त्यांचा पंप साध्या आणि मोटारसायकलच्या वॉल्वला बसतो, बारीक प्रेस्टा वॉल्वला नाही. पाच-सात दुकानांत पितळी अडॅप्टर ठेवले की काम भागतं.

गतिरोधकांबद्दल थोडक्यात. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप स्पष्ट आहे: गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच. गावात असतात ते दीड-दोन फूटच रुंद, उंची मात्र तीच 10 सेंटीमीटर. त्यावरून सायकलचं चाक चढत नाही, आदळतं. मापात करा, आणि रात्री दिसतील असे पट्टे मारा. पुलांवरच्या आणि गटारांवरच्या जाळ्यांच्या सळ्या रस्त्याला आडव्या बसवा. उभ्या सळ्यांत सायकलचं चाक बरोबर अडकतं.

जलसंपदा विभागाला वेगळं सांगायचं आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे काठावरच्या माणसांसाठी पूलच आहे. पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, पावसाळ्याआधी काढतात, पण वरच्या स्लॅबवरून माणसांची ये-जा चालूच असते. म्हैसाळसारखा बंधारा परतीच्या वाटेत आला तर वळसा वाचतो आणि मोठा रस्ता टळतो. अडचण कठड्याची आहे. पक्का कठडा घातला तर पुरात वाहून आलेली झाडं, जलपर्णी, उसाचं पाचट त्याला अडकतं, पाण्याचा दाब वाढतो आणि बंधाऱ्यालाच धोका होतो. म्हणून विभाग कठडा घालत नाही, ते बरोबरच आहे. पण त्याला तोड आहे. स्लॅबच्या कडेला दोन-दोन मीटरवर पाईपाचे सॉकेट कायमचे बसवावेत आणि त्यात एक मीटर उंचीचे खांब व दोन आडवे पाईप घालावेत, वरचा कमरेशी, खालचा गुडघ्याशी. बरगे घालायला माणसं येतात त्याच वेळी हा कठडा उभा करायचा, बरगे काढताना काढून घ्यायचा. दोन्ही कामं एकाच वेळापत्रकात बसतात. दोन्ही टोकांना ‘सायकलवरून उतरून चाला’ एवढीच पाटी हवी. बरगे काढल्यानंतर मात्र टोकाला साखळी लागलीच पाहिजे. पाणी स्लॅबला लागायच्या आतच शेवाळ धरतं, आणि वरून वीतभर पाणी वाहत असताना सायकल ढकलत नेणारा माणूस गेला तर सापडत नाही.

पावसाळ्यात मार्ग कधी बंद करायचा हेही ठरवून टाकावं. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्याजवळ 39 आणि 43. हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत, पण ते गावांसाठी आहेत. सायकल मार्गाचे सखल तुकडे आणि बंधारे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. म्हणून जून ते सप्टेंबर बंधाऱ्यांची वाट बंदच ठेवावी आणि खिद्रापूरकडचा तुकडा ग्रामपंचायतीच्या सांगण्यावर चालू-बंद करावा. खिद्रापूर नदीच्या वळणात आहे, तिथे पाणी कुठून आधी शिरतं हे गावाला माहीत असतं. फिरायला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तो नेमका उसाचा हंगाम आहे. त्यामुळे साखर कारखान्यांना सोबत घ्यावंच लागेल: प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर, आणि शनिवार-रविवारी सकाळी सात ते अकरा या वेळेत नदीकाठच्या अरुंद रस्त्यांऐवजी मोठ्या रस्त्याने वाहतूक. हे कारखान्यांच्या ऊस वाहतूक करारात घालता येतं.

एक धोक्याची जागा नाव घेऊन सांगतो. उदगावजवळ सांगली–कोल्हापूर रस्ता ओलांडावा लागतो. अंकली पुलावरून उतरणारी गाडी तिथे वेगात असते. सायकल आणि तिच्यामागे लहान मूल असं एका दमात ओलांडणं शक्य नाही. मध्ये निदान अडीच मीटर रुंदीची थांबायची जागा हवी, म्हणजे 1.8 मीटर लांबीची सायकल तिच्यात पूर्ण मावते आणि एका वेळी एकाच बाजूची वाहतूक बघून दोन टप्प्यांत जाता येतं. ही जागा पुलाच्या उतारापासून लांब, जिथून दोन्हीकडचं दूरवर दिसतं अशा ठिकाणी घ्यावी.

आता खुणा. बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात 1990 च्या दशकात एक पद्धत सुरू झाली आणि नंतर ती नेदरलँड्सभर पसरली. मार्गाला नाव द्यायचं नाही, तिठ्यांना आकडे द्यायचे. प्रत्येक तिठ्यावर त्याचा स्वतःचा आकडा, आणि पुढे कुठल्या आकड्याकडे कुठला रस्ता जातो ते बाणाने. माणूस घरून निघताना कागदावर आकडे लिहून घेतो, 1, 4, 5, 9, 12, आणि तसा जातो. मोबाईलला रेंज नसली तरी चुकत नाही. आपल्याकडे तर ही पद्धत जास्तच सोयीची आहे, कारण या पट्ट्यात कर्नाटकातून येणारे भाविक खूप, आणि आकडे सगळ्यांना वाचता येतात. मराठी आकड्याखाली 1, 2, 3 लिहिले की झालं. सगळ्या मार्गाला वीस-पंचवीस आकडे पुरतील.

पत्र्याच्या पाट्या लावू नका. पहिल्या पुरात वाकतात, पुढच्या वर्षी भंगारात जातात. 15 सेंटीमीटर चौरस, दीड मीटर लांबीचा सिमेंटचा खांब करून अर्धा मीटर काँक्रीटमध्ये गाडावा. वरच्या मीटरभरात एका अंगाला आकडा आणि बाण, दुसऱ्या अंगाला पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. बाण रंगवून भागत नाही, तो साच्यातच खोल उमटवावा, म्हणजे रंग गेला तरी बोटाने समजतो. तिठ्याच्या दहा मीटर आधी एक खूण आणि वळल्यावर पन्नास मीटरवर एक खात्रीची खूण. दुसरी खूण बहुतेक ठिकाणी कंजूषपणाने गाळतात, आणि लोक चुकतात ते तिच्याविनाच. नदीकाठच्या खांबांच्या मागच्या बाजूला 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या रेषा कोराव्यात. पाणी खांबाच्या वर गेलं असेल तर किती फूट वर ते आकड्यात लिहावं. बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रदेश समजायला दुसरं काही सांगावं लागणार नाही.

मुक्कामासाठी आणि खाण्यासाठी फार काही उभारायला नको. वाडीत धर्मशाळा आहेत, बासुंदी आणि कवठाची बर्फी आहे. खिद्रापुरात मात्र मंदिराजवळ सायकली सावलीत उभ्या करायची जागा, साखळी अडकवायला जमिनीत पक्के बसवलेले लोखंडी उलटे यू, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह एवढं नक्की हवं. मंदिर संरक्षित स्मारक आहे, म्हणून हे सगळं ग्रामपंचायतीच्या जागेत, आवाराबाहेर करावं. वाटेत दर पाच किलोमीटरला पाण्याची सोय हवी. शाळा आणि दूध डेअरी यांच्या बाहेरचा नळ पुरतो, तो चालू आहे की नाही हे कुणीतरी बघितलं पाहिजे.

काम अडतं ते पैशावाचून कमी आणि हद्दीवाचून जास्त. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हामार्ग बांधकाम विभागाचे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेचे, पाणंदी ग्रामपंचायत आणि महसूलच्या, बंधारे जलसंपदाचे, आणि हरिपूरचा पूल ओलांडला की जिल्हाच बदलतो. म्हणून आमचं मागणं असं आहे की दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून एका अधिकाऱ्याला या मार्गाची जबाबदारी द्यावी आणि त्याने वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मेमध्ये, चारही खात्यांच्या अभियंत्यांसह सगळा मार्ग सायकलवरून पाहावा. साईडपट्टीची कड जीपमधून दिसत नाही.

सुरुवात नृसिंहवाडी ते खिद्रापूर या वीस किलोमीटरपासून करावी. तो सगळा तुकडा एकाच तालुक्यात आहे, एका जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत बराचसा येतो, आणि वाडीला आलेल्या भाविकांना भाड्याची सायकल मिळाली तर तो पहिल्याच हंगामात वापरात येईल. पाऊस ओसरला की आधी साईडपट्टी, मग गतिरोधक, मग आकड्यांचे खांब, याच क्रमाने. म्हैसाळ बंधाऱ्याच्या कठड्याचे सॉकेट त्याच ऑक्टोबरात बरग्यांबरोबर बसले तर परतीची वाटही खुली होईल. कुठल्या गावाच्या शिवारात कड किती इंच खचली आहे, कुठे पाईप हवा आणि कुठला तिठा चुकवतो, याची किलोमीटरवार यादी द्यायला आणि पाहणीला सोबत यायला आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपले नम्र,
कृष्णाकाठचे सायकलस्वार